माजी सैनिकांच्या उपचारांची बिले नेमकी कुठे अडकतात?

माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेच्या (ईसीएचएस) पॅनेलवरच्या, म्हणजे तिच्याशी करार असलेल्या, हॉस्पिटलच्या बिलिंग खिडकीवर चौकशी केली की ‘ईसीएचएसची बिले अडकली आहेत’ हे उत्तर हमखास मिळते. अडकली आहेत म्हणजे नेमकी कुठे, कोणाच्या टेबलावर आणि कशासाठी, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. माजी सैनिकाला वाटते की हॉस्पिटल टाळाटाळ करते, हॉस्पिटलला वाटते की सरकार पैसे देत नाही, आणि छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याला वाटते की हॉस्पिटले कागद धड पाठवत नाहीत. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण त्यांपैकी एक कारण बाकीच्यांपेक्षा बरेच जड आहे आणि ते कमी करण्याचा खर्चही सर्वांत कमी आहे. ते कोणते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

पुण्यासाठी हा विषय घरचाच आहे. सदर्न कमांडचे मुख्यालय इथे आहे, राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे कार्यालय इथे आहे, आणि दिघी, धानोरी, विश्रांतवाडी, लोहगाव किंवा इकडे वानवडी, फातिमानगर, कोंढवा या भागांत दर चार घरांआड एखादे फौजीचे घर सापडते. सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे निवृत्त जवानही मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आली की पुण्याचाच रस्ता धरतात.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. लोक बोलताना याला ‘मिलिटरीचा हेल्थ इन्शुरन्स’ म्हणतात, पण भारतात सैनिकांसाठी रूढ अर्थाचा आरोग्यविमा नाही. नोकरीत असलेला जवान आणि त्याचे कुटुंब लष्करी रुग्णालयांत उपचार घेतात. पुण्यात कमांड हॉस्पिटल आहे, हृदय व छातीच्या विकारांसाठी एआयसीटीएस आहे, खडकीला मिलिटरी हॉस्पिटल आहे. तिथे बिल हा प्रकारच उद्भवत नाही, त्यामुळे क्लेमही नाही. निवृत्तीनंतर मात्र माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ईसीएचएस, लागू होते. ही योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. निवृत्त होताना एकदाच अंशदान भरायचे, दरवर्षी हप्ता नाही, आणि विम्यात असते तशी पाच लाख किंवा दहा लाखांची मर्यादाही नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ठरलेल्या दरांनुसार हवालदारापर्यंतच्या पदांसाठी हे अंशदान ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर या पदांसाठी ६७,००० रुपये आणि अधिकाऱ्यांसाठी १,२०,००० रुपये आहे. उपचारांचा खर्च संरक्षण मंत्रालयाच्या तरतुदीतून भागवला जातो.

हा फरक केवळ नावापुरता नाही. विमा नियामक आयआरडीएआयने २९ मे २०२४ च्या परिपत्रकात विमा कंपन्यांना कॅशलेस मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत देण्याचे बंधन घातले. शेजारच्या खाटेवरच्या खासगी विमाधारकाला ही सोय मिळालेली पाहून माजी सैनिक तीच अपेक्षा धरतो. पण ईसीएचएस ही विमा कंपनी नसल्यामुळे तो नियम तिला लागू होत नाही. इथे विमा कंपनीच्या जागी सरकारी खाते आहे, आणि खात्याचा प्रत्येक रुपया लेखापरीक्षणाला उत्तर देण्याच्या तयारीनेच बाहेर पडतो. ही सावधगिरी गैर नाही, मात्र ती कुठे लावायची याचा हिशेब चुकला की रांग लागते.

बिलाचा प्रवास

नेहमीच्या उपचारांत रुग्ण आधी ईसीएचएसच्या दवाखान्यात, म्हणजे पॉलिक्लिनिकमध्ये जातो. तिथले डॉक्टर तपासतात, आणि पुढच्या उपचारांची गरज असेल तर रेफरल देतात. त्या छावणीतल्या लष्करी रुग्णालयात ती सोय आणि जागा असेल तर तिकडे, नसेल तर पॅनेलवरच्या खासगी हॉस्पिटलकडे. तातडीच्या प्रसंगी रेफरलची वाट न पाहता थेट पॅनेलवरच्या हॉस्पिटलमध्ये दाखल होता येते आणि हॉस्पिटलने पॉलिक्लिनिकला कळवायचे असते. पॅनेलवर नसलेल्या हॉस्पिटलमध्ये तातडीने जावे लागले, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवण्याची जबाबदारी रुग्णाच्या घरच्यांवर येते. तिथले पैसे आधी स्वतः भरायचे आणि नंतर परताव्याचा अर्ज करायचा.

रुग्ण घरी गेला की हॉस्पिटल सगळे कागद स्कॅन करून पोर्टलवर चढवते. २०१२ मध्ये ही ऑनलाइन पद्धत सुरू झाली, तेव्हा प्राथमिक छाननीचे काम यूटीआय-आयटीएसएल या संस्थेकडे बिल प्रोसेसिंग एजन्सी म्हणून सोपवले गेले. एजन्सीचा कर्मचारी कागद पुरे आहेत का ते पाहतो, एजन्सीचे डॉक्टर उपचार योग्य होते का आणि दर बरोबर लावले आहेत का ते पाहतात, त्यानंतर बिल प्रादेशिक केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जाते आणि शेवटी मंजुरीचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याकडे. रक्कम प्रादेशिक केंद्राच्या अधिकारांपलीकडची असेल तर फाइल दिल्लीच्या मुख्य संघटनेकडे, आणि त्याहूनही मोठी असेल तर मंत्रालयाकडे जाते. मंजुरीनंतर पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जमा होतात.

या प्रत्येक टेबलावर एका बिलाला प्रत्यक्ष लागणारा वेळ मिनिटांत मोजावा इतकाच असतो. गुंतागुंतीची शस्त्रक्रिया असली तरी अनुभवी डॉक्टर तासाभरात फाइलचा निकाल लावू शकतो. मग आठवडे आणि महिने जातात कुठे? ते रांगेत थांबण्यात जातात, आणि त्याहून जास्त परतीच्या फेऱ्यांत जातात. पोर्टलवर ‘एनएमआय’ असा एक शेरा असतो. ‘आणखी माहिती हवी’ असा त्याचा मतलब. हॉस्पिटलांच्या बिलिंग विभागात या तीन अक्षरांइतका धसका दुसऱ्या कशाचा नसेल.

एका फाइलची गोष्ट

समजा, दिघीत राहणाऱ्या निवृत्त नायब सुभेदाराच्या छातीत पहाटे दोन वाजता कळ आली. मुलाने त्यांना जवळच्या पॅनेलवरच्या हॉस्पिटलमध्ये नेले, तासाभरात अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट बसवला आणि चौथ्या दिवशी ते घरी आले. वैद्यकीयदृष्ट्या यात वादाला जागा नाही. आता फाइल पाहू.

तिच्यात ईसीएचएस कार्डाची प्रत हवी, तातडीचे प्रमाणपत्र हवे, दाखल करतानाची नोंद, ईसीजी, ट्रोपोनिनचा रिपोर्ट, अँजिओग्राफीचे चित्रण, स्टेंटचे बिल, स्टेंटच्या खोक्यावरचे स्टिकर, डिस्चार्ज समरी, बाबवार बिल आणि त्यावर रुग्णाची किंवा नातेवाइकाची सही हवी. यांतले स्टिकर ही चिमूटभर वस्तू, पण तिच्यावर बॅच क्रमांक आणि अनुक्रमांक असतो आणि हाच स्टेंट याच रुग्णाला बसला याचा तो पुरावा असतो. फेब्रुवारी २०१७ पासून स्टेंटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, त्यामुळे कोणत्या प्रकारचा स्टेंट वापरला हे कळल्याशिवाय दर ठरवता येत नाही. पहाटेच्या गडबडीत कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओग्राफी होते त्या विभागाच्या, तंत्रज्ञाने ते स्टिकर कॅथलॅबच्या रजिस्टरमध्ये चिकटवले आणि रुग्णाच्या फाइलवर चिकटवायचे राहिले.

दुसरी गोष्ट ईसीजीच्या यंत्राची. त्याचे घड्याळ मागे पडलेले होते, म्हणून पट्टीवर आदल्या दिवसाची तारीख छापली गेली. तिसरी गोष्ट नावाची. भरतीच्या वेळी हिंदी भाषक कारकुनाने सर्व्हिस रेकॉर्डमध्ये वडिलांचे नाव ‘ग्यानू’ लिहिले, आधार कार्डावर ‘ज्ञानू’ आहे आणि हॉस्पिटलने दाखल करताना आधार पाहून नोंद केली. चौथी गोष्ट खोलीची. नायब सुभेदाराची पात्रता सेमी-प्रायव्हेट वॉर्डची. त्या रात्री तिथे खाट रिकामी नव्हती म्हणून त्यांना प्रायव्हेट खोलीत ठेवले आणि बिलही त्याच वर्गाने लावले गेले.

पंधरवड्याने एजन्सीचा कर्मचारी फाइल उघडतो. स्टिकर नाही हे पाहून तो एनएमआय टाकून फाइल परत पाठवतो. हॉस्पिटलमध्ये पोर्टल पाहणारी व्यक्ती सुटीवर असते. ती परत आल्यावर कॅथलॅबचे रजिस्टर शोधून स्टिकरचा फोटो चढवला जातो. फाइल पुन्हा रांगेच्या शेवटी जाते. या वेळी ती एजन्सीच्या डॉक्टरांपुढे येते आणि ते ईसीजीच्या तारखेबद्दल विचारतात. आणखी एक फेरी. त्यानंतर प्रादेशिक केंद्रात नावातला फरक आणि खोलीचा वर्ग निघतो. एकाच फाइलच्या तीन फेऱ्या झाल्या, प्रत्येक वेळी प्रश्न रास्त होता, आणि तरीही यांतला एकही प्रश्न असा नव्हता की जो डिस्चार्जच्या दिवशीच हॉस्पिटलच्या काउंटरवर सुटला नसता.

वीस टक्क्यांचा हिशेब

परत येणाऱ्या बिलांचे नुकसान त्या बिलांपुरतेच राहिले असते, तर इतका खल करण्याचे कारण नव्हते. पण एक परत आलेले बिल बाकी सगळ्यांच्या वेळेवर हात मारते. हे समजण्यासाठी एक काल्पनिक कार्यालय घेऊ.

या कार्यालयाची ताकद दिवसाला १०० फाइली पाहण्याची आहे आणि रोज ७५ नवी बिले येतात. वरवर पाहता २५ फाइलींची सवड आहे, म्हणजे काम आरामात व्हायला हवे. आता समजा, पाहिलेल्या फाइलींपैकी २० टक्के अपुऱ्या निघून परत जातात. मग १०० फाइली पाहूनही निकाल लागतो ८० फाइलींचाच. रोज ७५ येतात आणि ८० निकाली निघतात, म्हणजे सवड २५ वरून एकदम ५ वर आली.

दिवाळीची सुटी, सर्व्हर बंद पडणे किंवा कर्मचाऱ्यांची बदली अशा कोणत्याही कारणाने १,००० बिलांचा ढीग साचला असे धरा. रोज पाचने ढीग कमी होत असेल तर तो उपसायला २०० कामाचे दिवस लागतील. परतीचे प्रमाण २० ऐवजी १० टक्के असेल तर रोज ९० निकाली, सवड १५ ची, आणि तोच ढीग ६७ दिवसांत संपेल. एकही बिल परत जात नसेल तर ४० दिवसांत. उलट, परतीचे प्रमाण ३० टक्क्यांवर गेले तर निकाल लागेल ७० चा आणि येतील ७५. मग ढीग कधीच संपणार नाही, तो रोज पाचने वाढत जाईल, आणि कर्मचारी मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत मान मोडून काम करत असतील.

प्रत्यक्षातले कार्यालय इतके सरळ नसते. टेबले अनेक असतात, बिले लहानमोठी असतात. पण दिशा हीच राहते. परतीचे प्रमाण निम्मे केले तर ढीग उपसण्याचा वेळ निम्म्याने नव्हे, एक-तृतीयांशावर येतो. काम जवळपास क्षमतेइतके असते तिथे थोडी सुधारणा फार मोठा फरक करते, आणि थोडी बिघाडीही तितकाच मोठा. वाहतुकीचा अनुभव असलेल्या पुणेकराला हे वेगळे सांगायला नको. विश्रांतवाडी चौकात सकाळी साडेनऊला एक रिक्षा बंद पडली तर काय होते आणि दुपारी तीनला पडली तर काय होते, हे सगळ्यांनी पाहिले आहे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. जॉन लिटल या अमेरिकी गणितज्ञाने १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम असा, की रांगेत सरासरी जितके असतात ते म्हणजे रोजची आवक गुणिले प्रत्येकाचा थांबण्याचा सरासरी काळ. रोज ७५ बिले येतात आणि ४,५०० प्रलंबित आहेत, याचा सरळ मतलब असा की प्रत्येक बिल सरासरी ६० दिवस थांबते. म्हणून ‘अमुक हजार बिले प्रलंबित’ या आकड्याला एकट्याने काही किंमत नाही. मोठ्या केंद्रात तो मोठाच असणार. त्यापेक्षा, पहिल्याच फेरीत किती टक्के बिले मंजूर झाली आणि सर्वांत जुने बिल किती दिवसांचे आहे, हे दोन आकडे दर महिन्याला हॉस्पिटलनिहाय जाहीर केले, तर दुखणे कुठे आहे ते लगेच दिसेल.

काय बदलता येईल

सर्वांत मोठा फायदा दारातच अडवण्यात आहे. आजच्या व्यवस्थेत पोर्टल बहुतांशी कागद साठवण्याचे काम करते. ते कागद पुरे आहेत की नाहीत हे माणूस नंतर पाहतो. त्याऐवजी उपचाराचा कोड टाकताच त्या उपचाराला लागणाऱ्या कागदांची यादी समोर यावी आणि स्टेंटच्या कोडाबरोबर स्टिकरचा फोटो चढवल्याशिवाय बिल पुढे जाऊच नये, ही व्यवस्था अवघड नाही. दाखल होण्याची वेळ आणि पहिल्या तपासणीची वेळ यांचा मेळ बसत नसेल, कार्डावरचे पद आणि लावलेला वॉर्ड जुळत नसेल, तर संगणकाने तिथल्या तिथे विचारावे. रुग्ण अजून वॉर्डात आहे, नातेवाईक काउंटरवर उभा आहे, कॅथलॅबचा तंत्रज्ञ मजल्यावर आहे, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर पाच मिनिटांत मिळते. तेच दोन महिन्यांनी मिळवायचे तर दोन आठवडे लागतात.

दुसरा बदल नियमाचा आहे, तंत्रज्ञानाचा नाही. शंका काढायच्या त्या एकदाच आणि सगळ्या मिळून काढाव्यात. उत्तर आल्यावर फाइल त्याच अधिकाऱ्याकडे जावी आणि नव्या रांगेच्या शेवटी जाऊ नये. वरच्या फाइलीत तीन फेऱ्यांची एक फेरी झाली असती.

तिसरा मुद्दा सगळ्या बिलांना एकाच चाळणीतून न काढण्याचा. ईसीएचएसमध्ये दर ठरतात ते केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या आरोग्य योजनेच्या (सीजीएचएस) दरपत्रकावरून. त्यात बहुतेक शस्त्रक्रियांचा पॅकेज दर ठरलेला असतो आणि पॅकेजचे दिवसही ठरलेले असतात: बायपाससारख्या अतिविशेष उपचारांना १२ दिवस, इतर मोठ्या शस्त्रक्रियांना ७ दिवस, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांना ३ दिवस, किरकोळ उपचारांना १ दिवस. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, ठरलेला दर, ठरलेला दिवस, रेफरल जागेवर आणि कार्ड वैध; अशा बिलात डॉक्टरने डोके घालण्यासारखे काय आहे? ते नियमांच्या जोरावर आपोआप मंजूर करावे आणि त्यांतली काही टक्के चिठ्ठ्या टाकून निवडावीत व नंतर कसून तपासावीत. वाचलेला वेळ अतिदक्षता विभागात वीस दिवस काढलेल्या रुग्णाच्या बिलाला, दरपत्रकात नसलेल्या औषधांना आणि पॅकेजच्या दिवसांपलीकडे लांबलेल्या मुक्कामाला द्यावा, कारण मोठी रक्कम आणि खरी शंका दोन्ही तिथेच असतात.

यावर आक्षेप येणार तो गैरव्यवहाराचा, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी ईसीएचएसवर २०१५ मध्ये दिलेल्या अहवालात बिलांच्या विलंबावर बोट ठेवले होते, तसेच पॅनेलवरच्या हॉस्पिटलांनी जादा आकारणी केल्याचेही नोंदवले होते. पण प्रत्येक बिल सारखेच तपासले म्हणजे लबाडी जास्त सापडते, हे गृहीतक मला पटत नाही. दिवसाला ढीगभर फाइली उपसणाऱ्या माणसाचे लक्ष गहाळ कागदावर असते; एकाच हॉस्पिटलातून दर आठवड्याला येणारे संशयास्पद सारखेपण त्याच्या नजरेत येत नाही. ते पाहायला उसंत लागते, आणि अनेक महिन्यांचा डेटा एकत्र ठेवावा लागतो.

डेटावरून आठवले. स्कॅन केलेल्या पानांचा गठ्ठा म्हणजे संगणकाच्या दृष्टीने चित्रांचा गठ्ठा. त्यातून निदान, तारीख किंवा औषध शोधायचे तर माणसालाच वाचावे लागते. निदानाला आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड, तपासणीला तिचा कोड आणि प्रत्येक नोंदीला वेळ, अशी माहिती थेट हॉस्पिटलच्या संगणकातून पाठवता आली तर वर सांगितलेले सगळे नियम चालवता येतात. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने उभारलेले क्लेम एक्स्चेंज याच कामासाठी आहे, आणि सीजीएचएसने २०२१ मध्ये आपल्या बिलांचे काम त्या प्राधिकरणाच्या प्रणालीवर नेले. कृत्रिम बुद्धिमत्तेने सगळे आपोआप होईल असे सांगणारे विक्रेते हल्ली पुष्कळ भेटतात. ज्या फाइलीत स्टिकरच नाही, तिच्यातून ते कोणत्याही बुद्धिमत्तेला काढता येणार नाही.

दरपत्रकाचाही वाटा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सीजीएचएसने सुमारे २,००० उपचारांचे दर सुधारले. त्यात सेमी-प्रायव्हेट वॉर्डचा दर पाया धरला, जनरल वॉर्डसाठी तो ५ टक्क्यांनी कमी आणि प्रायव्हेटसाठी ५ टक्क्यांनी जास्त ठेवला, आणि एनएबीएच हे गुणवत्तेचे मानांकन नसलेल्या हॉस्पिटलला १५ टक्के कमी दर लावला. रुग्णाचे पद, वॉर्ड, हॉस्पिटलचे मानांकन यांसारख्या गोष्टी ठरल्या की दर ठरतो, आणि हे गणित संगणकाला सोपवण्याजोगे आहे. ते माणसाने हाताने करत बसणे म्हणजे चुकांना आमंत्रण.

अमेरिकेने केलेली एक गोष्ट

अमेरिकी सैनिकांची ट्रायकेअर ही योजना आपल्यापेक्षा पुष्कळ वेगळी आहे. नोकरीतले, निवृत्त आणि कुटुंबीय सगळे तिच्यात येतात आणि क्लेमचे काम कंत्राटदार करतात. तिचे कौतुक करण्याचा हेतू नाही. तिथेही १ जानेवारी २०२५ रोजी नवी कंत्राटे लागू झाल्यावर पश्चिम विभागात डॉक्टरांचे पैसे अडकल्याच्या तक्रारी झाल्याच. पण तिथल्या कायद्यातली एक कल्पना उचलण्यासारखी आहे. ज्या क्लेममध्ये कसलीही त्रुटी नाही त्याची व्याख्या कायद्यातच केलेली आहे, आणि अशा निर्दोष क्लेमपैकी ९५ टक्के ३० दिवसांत व सर्वच्या सर्व १०० दिवसांत निकाली काढण्याचे बंधन आहे. उशीर झाल्यास व्याज द्यावे लागते.

यात दोन्ही बाजूंना कामाला लावण्याची युक्ती आहे. निर्दोष म्हणजे काय हे आधी लिहून ठेवले की हॉस्पिटलला ‘काय हवे ते सांगितलेच नाही’ म्हणता येत नाही, आणि मुदत ठरल्यामुळे खात्याला आयत्या वेळी नवा कागद मागता येत नाही.

दुसरी रांग

इथवर जे सांगितले ते सगळे छाननीच्या रांगेबद्दल. तिच्यामागे एक दुसरी रांग असते, पैशांची. मंजूर झालेले बिलही खात्यात तरतूद असेल तरच भागवले जाते. ईसीएचएससाठी २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात ६,९६८ कोटी रुपये आणि २०२५-२६ मध्ये ८,३१७ कोटी रुपये ठेवले गेले. ही वाढ लहान नाही, पण लाभार्थीही वाढत आहेत, त्यांचे वयही वाढत आहे, आणि सत्तरीनंतरचा माणूस चाळिशीतल्या माणसापेक्षा किती तरी जास्त वेळा हॉस्पिटलात जातो. वर्षाची गरज तरतुदीपेक्षा जास्त असेल, तर शेवटच्या तिमाहीत मंजूर बिलेही नव्या आर्थिक वर्षाची वाट पाहतात, आणि नव्या वर्षाचे पहिले पैसे जुन्या देण्यात जातात.

या रांगेवर कोणतेही सॉफ्टवेअर चालत नाही. उलट, छाननी जलद झाली तर ही रांग अधिक ठळक दिसेल, आणि ते चांगलेच आहे. आज दोन्ही रांगा एकाच ‘प्रलंबित’ या शब्दाखाली दडतात. बिल मंजूर झाल्याची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख वेगवेगळी दाखवली, तर संसदेपुढे जास्त तरतूद मागताना मंत्रालयाच्या हातात ठोस आकडा असेल. हॉस्पिटललाही कळेल की उशीर आपल्या कागदांमुळे आहे की नाही. पैसे केव्हा येतील हेच कळत नसल्यामुळे हॉस्पिटले ईसीएचएसच्या रुग्णासाठी खाटा कमी ठेवतात किंवा अनामत मागतात, आणि त्याचा चटका शेवटी ज्याने आयुष्यभराचे अंशदान एकरकमी भरले आहे त्याला बसतो.

माजी सैनिकाच्या हातात काय आहे

रुग्ण बरा झाला की फाइल हॉस्पिटलची, असे समजून घरचे निघून जातात. कॅशलेस उपचारात ते काही अंशी खरेही आहे. पण नावातला फरक मात्र हॉस्पिटल दुरुस्त करू शकत नाही. ईसीएचएस कार्ड, आधार आणि पेन्शनचा मंजुरी आदेश (पीपीओ) यांवरची नावे आणि जन्मतारखा जुळतात का हे आजारपण येण्याआधीच पाहावे, विशेषतः पत्नीच्या बाबतीत. लग्नाआधीचे नाव एका कागदावर आणि नंतरचे दुसऱ्यावर, ही स्थिती आपल्याकडे सर्रास आहे. नवरा हयात असताना जी दुरुस्ती एका अर्जाने होते, तीच त्याच्या पश्चात पत्नीला अनेक खेटे घालून करावी लागते.

परताव्याच्या प्रकरणात सगळी भिस्त घरच्यांवर असते. ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवल्याचा पुरावा ठेवावा. फोनपेक्षा ईमेल बरा, कारण त्यावर वेळ छापलेली असते. तातडी का होती हे सांगणारे प्रमाणपत्र डिस्चार्जच्या वेळीच डॉक्टरांकडून घ्यावे. स्टेंट, सांधा, लेन्स यांपैकी काही बसवले असेल तर स्टिकर असलेल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. मूळ कागद देण्याआधी सगळ्याची एक प्रत काढावी. आणि परतावा सीजीएचएसच्या दरानेच मिळणार, भरलेले सगळे पैसे परत येणार नाहीत, हे गृहीत धरूनच पॅनेलबाहेरचे हॉस्पिटल निवडावे. जीव वाचवायचा असेल तेव्हा अर्थातच हा विचार करत बसायचे नसते.

क्लेम रखडला तर ‘माझ्या बिलाचे काय झाले’ असे विचारण्यापेक्षा क्लेम क्रमांक सांगून तो कोणत्या टप्प्यावर आहे, एनएमआय पडला आहे का, पडला असेल तर कोणत्या तारखेला आणि कोणत्या कागदासाठी, असे विचारावे. हा प्रश्न आधी पॉलिक्लिनिकच्या ऑफिसर-इन-चार्जला, मग पुण्याच्या प्रादेशिक केंद्राला लेखी विचारावा. तिथेही दाद लागली नाही तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर माजी सैनिक कल्याण विभागाच्या नावे तक्रार नोंदवता येते. ऑगस्ट २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तक्रार निकाली काढण्याची मुदत २१ दिवसांची आहे. तक्रारीत हकिकत कमी आणि तारखा जास्त असाव्यात: दाखल झाल्याची, डिस्चार्जची, कागद दिल्याची, आणि शेवटच्या शेऱ्याची.